पायांनी शिवलेली गोधडी

बालाघाटाच्या उतारावर, जिथे वारा दिवसाढवळ्यासुद्धा चावतो, तिथे हिवरखडा नावाचे सत्तावन्न उंबऱ्यांचे गाव आहे. या गावाच्या वेशीबाहेरच्या मठीत आमचे वाकळे महाराज बारा वर्षे राहिले. ते कुठून आले, त्यांचे गुरू कोण, असे कोणी विचारले की महाराज म्हणत, “थंडी वाजली म्हणून आलो.” खांद्यावर सदा एक वाकळ, म्हणून नाव वाकळे महाराज. ती वाकळ त्यांना गाव देई. दर वर्षी घरटी एक जुन्या कापडाचा तुकडा गोळा करायचा, त्या सत्तावन्न तुकड्यांची गोधडी शिवायची आणि दत्तजयंतीला ती महाराजांच्या खांद्यावर घालायची, अशी रीत होती. शिवण्याचा मान मात्र एकाच घराचा, म्हादबाच्या घराचा. त्या म्हादबाची बायको कौतिका, तिची ही कथा. भाविकांनी शांतपणे ऐकावी. ज्यांना मधेच हसू येईल त्यांनी जरा दम धरावा, कारण त्या वेळी हसलेल्यांचे काय झाले तेही यातच आहे.

कौतिकाचा टाका मोहरीच्या दाण्याएवढा पडे. तिने शिवलेली गोधडी उलटी कोणती आणि सुलटी कोणती, हे सांगता येत नसे. पण एका माघात गुऱ्हाळावर चरकात ऊस घालताना तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे गेली. जखम भरली, पण सुई धरायला अंगठा लागतो. डाव्या हाताने तिने करून पाहिले, तर टाके दारुड्याच्या पावलांसारखे पडले. त्या रात्री ती जेवली नाही.

तिचा भाऊ गिरजाप्पा जन्मभर सोलापुरात कोट-बंड्या शिवत बसलेला. उतारवयात त्याची नजर गेली. त्याने आपले पायाचे मशीन बैलगाडीत घालून बहिणीकडे धाडले आणि सोबत निरोप दिला, “माझे डोळे गेले, तुझा हात गेला. दोघांचं मिळून एक शिंपी होतंय का बघ.”

कौतिका मशीनपुढे बसली. चाकाला उजव्या तळहाताचा धक्का, पायडलवर दोन्ही पाय, डाव्या हाताने कापड पुढे. पहिले आठ दिवस चाक उलटेच फिरे आणि दोरा तटातट तुटे. मग तिने गोणपाटावर रेघा मारायला घेतल्या, आधी सरळ, मग गोल. महिन्या-दोन महिन्यांत, जी अक्कल पूर्वी बोटांत होती ती पायांत उतरली. शेजारणींच्या माळ्यावर फक्त काठ राहून पडलेल्या गोधड्या ती आणवू लागली आणि त्यांच्या कडा मारून देऊ लागली. ज्या गोधड्या शिवता शिवता कोणाचे डोळे गेले होते, कोणाची कंबर गेली होती, त्या पुऱ्या होऊन पोरांच्या अंगावर जाऊ लागल्या.

मार्गशीर्ष लागला तशी ती पाटी घेऊन तुकडे गोळा करायला निघाली. छप्पन्न घरांनी दिले. काहींनी तोंड वाकडे करून दिले, पण दिले. सत्तावन्नावा उंबरा पाटलाचा. तिथल्या सगुणाकाकी स्वतः हातशिलाईत तरबेज, आणि त्याची त्यांना पुरेपूर जाणीव. ओसरीवर चार बायका बसल्या होत्या, म्हणजे बोलायला सोबतही होती.

“कौतिके, माझा तुकडा कशाखाली जाणार?” काकी म्हणाल्या. “तुझ्या पायांखाली. देवमाणसाच्या अंगावरचं पांघरूण पायानं शिवतेस? उद्या नैवेद्यबी पायानंच रांध.”

बायका हसल्या. काकी पुढे म्हणाल्या, “हात गेला तर मानबी सोडावा माणसानं. माझी गोधडी तयार हाय. हातची.”

कौतिकाचे कान तापले. पण ती मागे सरली नाही. “चरकात तीन बोटं गेली, काकी. घराचा मान मी तिथं ठेवून आले न्हाई. तुकडा द्यायचा नसंल तर नका देऊ. तुमची जागा मोकळी ठेवीन. दुसऱ्या कुणाच्या चिंधीनं ती भरणार न्हाई.”

प्रकरण महाराजांपर्यंत जायला वेळ लागला नाही. महाराज मठीपुढे शेंगा सोलत बसले होते. काकींनी आणि चार कर्त्या पुरुषांनी आपले म्हणणे मांडले. पायांनी शिवलेले वस्त्र महाराजांना कसे चालेल, हा त्यांचा सवाल.

महाराज म्हणाले, “मळणीला बैल कणसं तुडवतो. त्याच ज्वारीची भाकरी मला वाढता. कुंभार माती पायांनी मळतो. त्याच घागरीतलं पाणी पाजता. आणि माझ्या पायांवर तर रोज डोकं ठेवता. मग त्या बाईच्या पायांनीच काय घोडं मारलंय?”

महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. दत्तजयंतीला अजून नऊ दिवस होते, तरी त्यांनी खांद्यावरची जुनी वाकळ काढली आणि वाटेने चाललेल्या एका मेंढक्याला देऊन टाकली. “आता कौतिकाची गोधडी आली तर पांघरीन,” ते म्हणाले, “नाहीतर हा हिवाळा उघडाच काढीन.”

झाले! गावाचा सगळा राग कौतिकावर फिरला. पाणवठ्यावर कोणी तिच्याशी बोलेना. म्हाताऱ्या महाराजांना ही बाई गारठवून मारणार, असे तिच्या तोंडावर म्हटले जाऊ लागले. पहाटे मठीच्या दिशेने वारा सुटला की ती अंथरुणात उठून बसे. माझ्या हट्टापायी ते उघडे बसलेत, हे तिच्या मनातून जाईना. पण हट्ट सोडला असता तर मशीन, भाऊ आणि आपले पाय हे सारे लाजेचेच, असे तिने स्वतःच मान्य केले असते. ती कामाला बसली.

आणि इथेच घोडे अडले. हाताने गोधडी शिवताना काठापासून सुरुवात करतात आणि फेऱ्या घालत घालत मधोमध येतात. तिथे शेवटच्या ठिगळाखाली भाकरीचा एक घास ठेवून ते शिवून टाकतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. कौतिकाने मशीनवरही तेच केले. आजवर तिने मशीनवर नुसत्या कडा मारल्या होत्या, अख्खी गोधडी ही पहिलीच. हाताने शिवताना बोटे कापडाचे पदर सारखे करत जातात, मशीन मात्र दर फेरीला वरचे कापड थोडे पुढे ढकलते. सगळी चूण आत आत सरकली आणि मधोमध असा फुगवटा जमला, जणू गोधडीखाली मांजर झोपले आहे. तिने उसवले. पुन्हा शिवले. पुन्हा मांजर. तिसऱ्या खेपेला त्या जाड फुगवट्यात सुई अडकली आणि मोडली. ती घरातली शेवटची सुई होती. तो दिवस चतुर्दशीचा, सकाळची वेळ.

तेवढ्यात सगुणाकाकी आपली गोधडी काखेत मारून दारात आल्या, मागे त्याच चार बायका. “बास झालं, कौतिके. मान सोडला म्हण आपल्या तोंडानं. ही मी महाराजांच्या अंगावर घालते. त्या म्हाताऱ्या जिवाची तरी कीव कर.”

कौतिकाच्या डोळ्यांत पाणी होते, पण तोंडातून निघाले ते, “न्हाई.”

“सुई न्हाई, गोधडी न्हाई, आणि तोरा बघा.”

“उद्या उजाडंपर्यंत मान माझ्याच घरचा हाय, काकी. तवर मी बसणार.”

बाहेरून हाक आली, “माई, घास वाढ.” दारात महाराज उभे होते. अंगावर नुसती कफनी, ओठ निळसर पडलेले, खांद्याला झोळी.

कौतिका चुलीकडे धावली. चूल पेटवायलाही तिला सकाळपासून फुरसत झाली नव्हती. भांड्यात काल रात्रीची चतकोर भाकरी तेवढी होती. ती घेऊन ती परत आली आणि घुटमळली. “महाराज, घरात एवढंच हाय. पण ह्यो गोधडीचा घास. शेवटाला घालायचा म्हणून ठेवलाय.”

“शेवटाला?” महाराज म्हणाले. “पाहुणा दारात आल्यावर त्याच्याकडून दिवसभर काम करून घेतेस आणि मग जेवायला वाढतेस होय?”

त्यांनी चतकोर मोडली. अर्धी तोंडात टाकली. उरलेली गोधडीच्या मधोमध, वरचे ठिगळ उचलून आत सरकवली आणि वरून हात फिरवला. “आधी पोट,” ते म्हणाले, “मग बाकीचं अंग.”

कौतिका त्या हाताकडे बघत राहिली. महाराजांचा तळवा मधून निघून काठाकडे सरकला होता, आणि त्याच्यापुढे चूण पळत पळत बाहेरच्या शिवणीला जाऊन अडली होती. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण सगळी चूण आत कोंडत होतो. मधून सुरुवात केली तर ती बाहेर जायला मोकळी. इतक्या वर्षांच्या सवयीने तिला हे दिसूच दिले नव्हते. म्हादबा खाली बसला आणि जुनी शिवण भराभर उसवू लागला.

“पण सुई?” काकींनी आठवण करून दिली.

महाराजांनी झोळीत हात घातला आणि कफनीला ठिगळे लावायची आपली गंजकी सुई पुढे केली. “ही लाव.”

कौतिकाने ती घेतली आणि खरे ते बोलली. “महाराज, ही हाताची सुई. हिचं नेढं बुडाशी हाय. मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी लागतं. ही न्हाई चालायची.”

“मग उलटी लाव.”

काकींना हसू आवरेना. “टोक वर करून? मग शिवणार काय, आभाळ?”

महाराजांनी काकींकडे पाहिलेसुद्धा नाही. “बाई, तुझं काम सुई लावायचं. टोकाचं मी बघतो.”

कौतिकाने डोळे मिटले, सुई खाचेत बसवली आणि डाव्या हाताने पेच आवळला. दोरा ओवायला म्हणून तिने डोळे उघडले, तर गंज गेलेला, सुई लखलखीत, टोक खाली आणि नेढे टोकाशी! तिच्या हातातला दोरा पहिल्याच खेपेला आत गेला. दारातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

“आधीपासनंच मशीनची असंल,” काकी पुटपुटल्या आणि आपली गोधडी काखेत घेऊन निघून गेल्या. अहंकाराला दिसते सगळे, फक्त त्याला मानायला वेळ लागतो.

कौतिकाने घासाभोवती पहिली फेरी घातली, मग दुसरी, मग तिसरी. एका बाजूची गोधडी वळकटीसारखी गुंडाळून ती मशीनच्या बगलेतून सरकवत होती, दुसऱ्या बाजूचे ओझे म्हादबा सावरत होता. महाराज उंबऱ्यावर कुडकुडत बसून राहिले. दिवस कलला तेव्हा शेवटची फेरी काठाला टेकली आणि कुठे एक चूण नव्हती. फक्त एका कोपऱ्यात वीतभर जागेवर वरचे ठिगळ नव्हते, तिथे आतले पदर उघडे होते.

दुसऱ्या दिवशी मठीतल्या दत्तजयंतीच्या आरतीनंतर कौतिकाने सगळ्या गावासमोर ती गोधडी महाराजांच्या खांद्यावर घातली. महाराजांनी डोळे मिटले. “ऊब आहे,” ते म्हणाले. मग त्यांचे बोट त्या उघड्या कोपऱ्यावर गेले. “सगळं गाव माझ्या अंगावर आहे. एकच घर बाहेर राहिलंय. त्या घराला थंडी वाजत असेल.”

गर्दीतून सगुणाकाकी पुढे आल्या. त्यांनी कनवटीतून एक हिरवा तुकडा काढला. तो त्यांनी दर वर्षीसारखा कार्तिकातच फाडून ठेवला होता. कौतिकाला नाही म्हटले त्या दिवशीही तो कनवटीलाच होता, आणि टाकून द्यायचे धाडस काही झाले नव्हते. “रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई, महाराज. ती सुई मी माझ्या डोळ्यांनी बघितली,” असे म्हणत त्या महाराजांच्या पायांवर वाकल्या.

महाराजांनी पाय गोधडीखाली ओढून घेतले. “माझ्या पायांनी काय केलं? नुसते गारठले. पाय तिकडे आहेत.”

काकी वळल्या. कौतिका मात्र एक पाऊल मागे सरली. “माझ्या पाया नका पडू, काकी. घरी चला. तुमचा तुकडा तुमीच शिवायचा.”

महाराज गोधडीसकट उठले आणि सारे गाव मागोमाग म्हादबाच्या अंगणात आले. कौतिकाने गोधडीचा कोपरा सुईखाली धरला आणि काकींना मशीनपुढे बसवले.

“मला येत न्हाई गं.”

“मलाबी येत नव्हतं. पाय ठेवा.”

काकींनी पाय उचलला आणि तसाच थांबवला. मग त्या खाली उतरल्या, गुडघे टेकले आणि त्या थंडगार लोखंडी पायडलवर त्यांनी कपाळ ठेवले. बराच वेळ ठेवले. उठल्यावर दोन्ही पाय त्यावर ठेवून त्यांनी जोर लावला. चाक उलटे फिरले, दोरा तुटला आणि गर्दीत कोणीतरी खुदकन हसले. कौतिका हसली नाही. तिने दोरा पुन्हा ओवला, आपला अंगठा नसलेला तळहात चाकावर ठेवला आणि ते पुढच्या दिशेने फिरवून दिले.

हिवरखड्यात आता मशीनवर बसणारी प्रत्येक बाई आधी पायडलला हात लावून कपाळाला लावते आणि गोधडीच्या पोटात घास सुरुवातीलाच घालते. ज्यांचे हात थकले त्यांच्या पायांत महाराज असेच बळ घालोत. सगुणाकाकींची ती शिवण मात्र चांगलीच वाकडी आली होती. काकी ती उसवायला निघाल्या, पण महाराजांनी उसवू दिली नाही. तो हिवाळाभर त्यांनी तोच कोपरा गळ्याशी धरला.