कॉइलबाईंचं ताट

मोटारींच्या बॉनेटखालीही भांडणं व्हायची, त्या काळातली गोष्ट. एका गाडीत कॉइलबाई राहायच्या. बॅटरी त्यांना करंट वाढायची. पण दोन घास पोटात जातात तोच इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डबा नेमकी वेळ साधून ताट ओढायचा. कॉइलबाई अशा कडाडायच्या की स्पार्क प्लगच्या टोकाला ठिणगी उडायची, पेट्रोल पेटायचं आणि गाडी पळायची.

"मेल्या, एकदा तरी पोटभर जेवू दे!" एके दिवशी त्या म्हणाल्या.

"जेवा की," डबा म्हणाला आणि त्याने ताट ओढलंच नाही.

कॉइलबाई जेवतच राहिल्या. अंग तापलं, पण राग येईना, त्यामुळे ठिणगीही उडेना. लग्नाला निघालेली गाडी भर रस्त्यात बंद पडली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसून राहिला आणि नवरदेव फेटा सावरत गाडी ढकलू लागला.

"डबेदादा, पुरे झालं हो," कॉइलबाई कळवळल्या. "ओढा ते ताट!"

डब्याने ताट ओढलं.

"मेल्या!" कॉइलबाई कडाडल्या.

गाडी सुसाट सुटली. मागून नवरदेव धावत होता.