कुलपातल्या सागवानी फळ्या

एकदा एक लाकडाचा व्यापारी आपल्या दिवंगत मुलाच्या खोलीची पूजा करवून घेण्यासाठी एका वृद्ध आचार्यांकडे गेला. आगगाडी नुकतीच जंगलाच्या कडेपर्यंत पोचली होती, त्या काळातली ही गोष्ट. रुळांखाली घालायच्या लाकडाला अशी मागणी आली, की पाहता पाहता त्या गावात वखारीच वखारी उभ्या राहिल्या. या शेठजींची वखार सर्वांत मोठी. लक्ष्मी घरी पाणी भरत होती म्हणा ना! आणि अशा भरल्या घरातून साथीच्या तापाने कर्ता मुलगा जनार्दन उचलून नेला.

जनार्दनने धाकट्या बहिणीच्या, गोदूच्या, लग्नात झोपाळा द्यायचा म्हणून स्वतः निवडलेला साग चिरून घेतला होता. बापाने त्या ओल्या फळ्या त्याच्या खोलीत एकावर एक रचल्या, ताडपत्रीत गुंडाळल्या आणि दाराला कुलूप घातले. त्या दिवसापासून घरात जनार्दनचे नाव काढायची सोय उरली नाही. आता गोदूचे लग्न ठरले होते. पण सनई नाही, पंगत नाही, देवळात चार माणसांत माळ घालून मुलीला सासरी पाठवायचे, असा शेठजींचा निर्णय होता. गोदूचे जेवण कमी झाले होते.

आचार्य शिष्याला घेऊन आले. खोली उघडताच आलेला कोंदट वास त्यांनी श्वास भरून घेतला, पूजेचे ताट बाजूला ठेवले आणि ताडपत्री ओढून काढली. मग वरच्या फळीचे एक टोक धरून त्यांनी शिष्याला दुसरे धरायला सांगितले. शिष्य बिचकला, पण गुरूंची आज्ञा कशी मोडणार? अंगणात बायका पापड वाळत घालत होत्या, तिथे उन्हात ती फळी आली. तिच्यामागून दुसरी आली. शेठजी संतापले. त्या फळ्यांना या घरात कोणी हात लावत नाही, असे त्यांनी बजावले.

आचार्यांनी शांतपणे विचारले, "शेठजी, तुमच्या वखारीत ओल्या फळ्यांची थप्पी कशी लावतात?"

व्यापारी माणूस रागातही धंद्याच्या प्रश्नाला उत्तर देतोच. "दोन फळ्यांमध्ये पट्टी ठेवायची. वारा खेळता राहिला पाहिजे, नाहीतर लाकूड..."

शेठजींची नजर खाली गेली. समोरच्या फळीवर बुरशीचे काळे डाग पसरले होते. हीच गोष्ट माणसांना शिकवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

आचार्य म्हणाले, "चूक मायेपोटी झाली, तिला मी दोष देत नाही. परंतु जे जपायचे, त्यालाही वारा लागतो. तुम्ही मुलाचे नाव कोंडलेत, त्याचे हसणे कोंडलेत. दुःख तेवढे राहिले, आणि तो मुलगा घरातून दिसेनासा झाला. पूजा मी अवश्य करीन. आधी त्याची एखादी खोडी सांगा."

मग पापडांपाशी बसलेली शेठाणी हलकेच म्हणाली, "एकदा राखणीला बसवलं होतं त्याला. अर्धे पापड त्यानंच खाल्ले."

"अर्धे कुठले? सगळे," शेठजी म्हणाले. "आणि नाव कावळ्यांवर ढकललं."

गोदू खळखळून हसली. तिच्यामागून शेठजीही हसू लागले, आणि हसता हसता उपरण्याने डोळे पुसू लागले.

रंधा मारल्यावर डाग गेले आणि झोपाळा झाला. लग्नात सनई तर वाजलीच. पण सनईवाला दम घ्यायला थांबला, की शेठजीच त्याला पुन्हा वाजवायला लावत. पंगतीत व्याह्यांच्या ताटात पापड वाढताना त्यांनी जनार्दनची गोष्ट सांगितली आणि सारी पंगत हसली. शिष्याने गुरूंकडे पाहिले. पूजा राहिली की काय, हे त्याला आता विचारावेसे वाटले नाही.

आपल्याही घरात असे एखादे नाव असेल, तर ते आज जेवताना काढून पाहावे.