पात्रतेची अट

परदेशातून शिकून आलेली शर्वाणी तुरुंगात कैद्यांना आग विझवायला शिकवायची. तिला वाटलं होतं, ही माणसं सुटली की अग्निशमन दल त्यांना हातोहात उचलेल. प्रत्यक्षात तिच्याकडे शिकलेला हणमंत पाखरे सुटल्यापासून दलाच्या दारात नुसता उभाच होता. शेवटी तीच त्याला घेऊन दलप्रमुख दळवींकडे गेली. कैदी असताना हणमंतने त्यांच्याच हाताखाली डोंगरावरचे वणवे विझवले होते.

"काम चोख आहे रे तुझं," दळवी म्हणाले, "पण गुन्हा केलेल्याला दलात कसं घेणार? लोक काय म्हणतील?"

"साहेब, शिक्षा भोगत होतो तेव्हा तुम्हीच गाडी पाठवून न्यायचात. शिक्षा संपली आणि मी अपात्र झालो. मग परत आगीवर यायला आता कुठला गुन्हा करू, तेवढं सांगा."

कचेरीत हसू फुटलं. दळवी समोरचे कागद चाळत बसले. नेमणूक काही झाली नाही.

जिना उतरताना हणमंत हळूच म्हणाला, "ताई, मी खरंच विचारत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वाणीने ठरवलं, हणमंतसाठी कोर्टाची पायरी चढायची, आणि निकाल लागेपर्यंत तुरुंगातल्या एकालाही नोकरीचं स्वप्न दाखवायचं नाही.