वानराला विचारून पाणी पिणारी हरिणी

एका जंगलात, नदीकाठच्या जांभळीखाली, एक हरिणी राहत असे. राहत असे म्हणजे काय, तिथून ती हलतच नसे! एकदा बिबट्याचा पंजा तिच्या पाठीवर पडला होता. नशिबाने ती सुटली, जखमही भरली. पण मनातली भीती काही जाईना. मान खाली घातली की पुन्हा पंजा पडेल, या धास्तीने तिने चरणेच सोडले. पोट खपाटीला गेले. तेव्हा जांभळीवरचा वानर म्हणाला, "तू खा. मी वरून बघतोय. बिबट्या दिसला की ओरडेन." त्याच्या शब्दावर तिने भीत भीत पहिला घास घेतला. खरे सांगतो मुलांनो, तो वानर नसता तर ती उपाशीच मेली असती.

पुढे ती धडधाकट झाली, तरी तिचे विचारणे सुटेना. "वानरदादा, पाणी पिऊ?" "वानरदादा, त्या गवताकडे जाऊ?" सगळा कळप पलीकडच्या कुरणात गेला, तरी ही आपली झाडाखालीच! वानरालाही ते गोड वाटे. आपल्यावाचून हिचे पान हलत नाही, म्हणून स्वारी फांदीवर ऐटीत शेपटी सोडून बसे. शहाणा खरा, पण मोठेपणाला भुलला.

एके दुपारी ती पाण्यावर गेली आणि वाऱ्याबरोबर बिबट्याचा उग्र वास आला. तिचे कान ताठ झाले, नाकपुड्या फुलल्या. तरी ती पळाली नाही; वर बघत राहिली. "दादा, दिसतोय का तो?"

वानराने डोळे ताणले. खाली नुसते उंच गवत. "काही नाही, पी खुशाल," हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण तिच्या फुललेल्या नाकपुड्या पाहून त्याच्या काळजात चर्र झाले. आपण चुकलो तर जीव हिचा जाईल!

"मला इथून दिसत नाही गं!" तो ओरडला. "मला विचारू नकोस. तुझं नाक काय सांगतं?"

"तो गवतात आहे!" म्हणत तिने उडी घेतली. त्याच क्षणी गवत दुभंगले आणि बिबट्याचा पंजा रिकाम्या चिखलावर आपटला. हरिणी जी सुटली, ती थेट कळपात जाऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी ती कळपाबरोबर नदीवर आली. तिने वारा हुंगला आणि वर न बघताच पाण्याला तोंड लावले. वानराला वाईट वाटले, अगदी डोळ्यांत पाणी आले. पण त्याने तिला हाक मारली नाही.

तात्पर्य : खचलेल्याला आधी आधार द्यावाच लागतो; पण त्याला उभे राहता येऊ लागले की आपला हात काढून घेणे, हीसुद्धा मदतच असते.