टेम्पो आणि उटीचा दगड

टेम्पो बोलायचे आणि दगड ऐकून घ्यायचे, त्या काळची गोष्ट. डोंगराकडेच्या एका गावात दूध गोळा करणारा म्हातारा टेम्पो होता. बंद केला की धक्का मारल्याशिवाय तो सुरू होत नसे. म्हणून त्याचा मालक भिवा उतारावरही त्याला चालूच ठेवून दुधाचे कॅन आणायला जाई. गाडी घसरू नये म्हणून चाकाला लावायचा उटीचा दगड केबिनमध्येच पडून असे.

"अरे, मला खाली ठेवायला सांग की भिवाला," दगड म्हणायचा.

"आजोबा, मी जागा असताना तुमची काय गरज?" टेम्पो गुरगुरायचा. "राखण झोपलेल्याला लागते."

"तू नुसता जागा नसतोस, पोरा, सारखा थरथरतोस. त्यानं तुझा हँडब्रेक सैल होतोय."

एके सकाळी तेच झालं. भिवा गोठ्यात असताना हँडब्रेक सुटला आणि टेम्पो उतारावरून निघाला. खाली खुंट्याला वासरू बांधलेलं होतं.

"आजोबा, मला धरा," टेम्पो ओरडला.

"तुझ्या मांडीवर बसून तुझं चाक कसं धरू रे?" दगड कळवळला.

वासराचं नशीब, मध्ये कडब्याची गंजी होती. टेम्पो तिच्यात रुतला तेव्हा वासरू हातभर अंतरावर होतं. भिवा धावत आला. त्यानं किल्ली फिरवली आणि दगड उचलून चाकाला लावला.

इंजिनाची घरघर थांबली. इतकी वर्षं टेम्पो रोज त्या गोठ्यापाशी थांबत होता, पण तिथल्या गुरांच्या गळ्यातल्या घंटा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आल्या.