आवडायची चटई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. माझ्या पणजीलाही ते ठाऊक नव्हतं, आणि तिला तर गावातलं सगळंच ठाऊक असायचं. तेव्हा किनाऱ्याला रस्ता नव्हता. तेरवंडीची माणसं चैत्री पुनवेला देवीच्या जत्रेला निघाली की पुळणीपुळणीनेच, म्हणजे दर्याकाठच्या वाळूवरूनच, चालायची. दिवसा वाळू अशी तापायची की पाय टेकवत नसे, म्हणून सकाळ-संध्याकाळ चालायचं आणि अंधार पडला की वाळूवरच तळ टाकायचा. पोरंबाळं, म्हातारीकोतारी, तांदळाची गाठोडी, नवसाचे कोंबडे, सगळं बरोबर.

आता तुम्ही म्हणाल, वाळूवर निजायला काय अक्कल लागते? लागते बाबांनो! फार वर, केवड्याच्या बनाला लागून निजलात तर फुरसं अंथरुणात. फार खाली निजलात तर दर्या अंथरुणात. मधली जागा शोधायची, आणि ती दर पुळणीवर वेगळी, दर वर्षी वेगळी. ती शोधून देणारी बाई म्हणजे आवडा. पुढे सगळे तिला आवडाय म्हणू लागले, म्हणजे आवडा आई.

ही विद्या तिने हौसेने मिळवली नव्हती. तरुणपणी ती नवऱ्याबरोबर, धाकूबरोबर, जत्रेला निघाली होती. कडेवर मुलगा आणि बोटाला धरलेली शेवंतू, तिची थोरली. सातमाडांच्या पुळणीवर तळ पडला. उकाडा मरणाचा. शेवंतू रडून रडून लाल झाली. आवडाने हात लावून पाहिलं तर थोडी खालची वाळू गार लागली, म्हणून तिने पोरीचं अंथरूण तिथे घातलं. पोर गप्प झाली आणि दमलेल्या आईलाही डोळा लागला. वाळू गार का होती, हे तिला तेव्हा कळलं नाही. पुनवेचं उधाण चढलं आणि आपल्या वाटेत जे होतं ते घेऊन गेलं.

त्यानंतर आवडा वाळूवर कधी झोपली नाही, असं म्हणतात.

पुढच्या वर्षापासून तळाची जागा तीच बघू लागली. कुणी तिला सांगितलं नव्हतं, ती आपली पुढे पळायची. वाळूवर पसरणारी मर्यादवेल कुठवर हिरवी आहे ते बघायची. मागच्या भरतीने काडीकचऱ्याची रेघ कुठे सोडली ते बघायची. मग वाळूत कोपरापर्यंत हात घालायची. हाताला गारवा लागला की म्हणायची, ‘वर चला.’ माणसं वर सरकायची. ती पुन्हा हात घालायची. सगळ्यांची अंथरुणं पडली की स्वतःची चटई सगळ्यांच्या खाली घालायची, दर्याकडे पाय करून. पाणी आलंच तर पहिले पाय आपले भिजावेत, एवढाच हिशेब. स्वतःच्या निवडीवर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता. इतर सारे घोरायचे आणि ही लाटा ऐकत पडायची. प्रत्येक लाट तिला मागच्या लाटेपेक्षा जवळ वाटायची.

लोक चेष्टा करायचे. ‘आवडाये, दर्या काय तुझो सासरो, एवढा भियाक?’ ती हसायची नाही. फक्त पदर घट्ट खोचायची आणि खाली जाऊन बसायची.

अशी वर्षं गेली. धाकू गेला, मुलाचं लग्न झालं, तुळसा सून म्हणून आली. तुळसेला मुलगी झाली आणि ते तान्हं घेऊन ती पहिल्यांदा जत्रेला निघाली. एवढ्या वर्षांत सातमाडांच्या पुळणीवर तिने कधी तळ पडू दिला नव्हता. कितीही उशीर होवो, ती माणसांना पुढे हाकायची. पण त्या वर्षी पुढच्या खाडीत भरती चढू लागलेली, म्हातारी माणसं वाळूत बसलेली, आणि दिवस बुडालेला. पुढे जायला वाटच नव्हती.

आवडाय त्या पुळणीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे. वाळूत हात घालतेय, काढतेय. तिला कुठलीच जागा पटेना. छातीत असं धडधडत होतं की लाटेचा आवाज कुठला आणि आपला कुठला ते तिला कळेना. तळ एकदा उचलला, दुसऱ्यांदा उचलला. पोरं भुकेली, चुली पेटता पेटता विझवाव्या लागलेल्या. तिसऱ्यांदा ती ‘वर चला’ म्हणाली तेव्हा लखू तांडेल उसळला. हा जत्रेचा म्होरक्या, होडीवरचा पुढारी, दर्यात केस पिकलेला माणूस.

‘आता पुरे!’ तो म्हणाला. ‘तुझ्या भियापायी आमी रातभर नाचाचा काय?’

कुणी हललं नाही. आवडाय खाली गेली आणि तिने चटई पसरली.

चंद्र डोक्यावर आला तसं पाणी तिच्या टाचांना लागलं. ती ओरडली, ‘उठा रे, पाणी इला!’ वर एक-दोघांनी कूस बदलली. एवढ्या वर्षांत आवडाय जागी आहे म्हणून गाव इतकं गाढ झोपायला शिकलं होतं की तिच्या ओरडण्यानेही उठत नव्हतं. ती सुनेला हलवायला धावणार, तेवढ्यात तिला ते दिसलं. तिच्या पाठीमागे, तिच्या आणि तळाच्या मधे, खालच्या वाळूवर, एक इवलं अंथरूण. त्यावर तान्ही पोर, शांत निजलेली.

त्या गार वाळूवर.

पाणी त्या अंथरुणाच्या दोन्ही बाजूंनी वर चढत होतं. आवडाय धावली नाही, असं म्हणतात. मागे मोठी लाट उठली होती, धावली असती तर तिच्याआधी पोरीपाशी पोहोचली नसती. ती जिथे होती तिथेच, पोरीच्या आणि दर्याच्या मधे, चटईवर आडवी झाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा दर्याशी बोलली. ‘एक नेलंस,’ ती म्हणाली. ‘आता माका ने. हेच्या फुडे नाय.’

लाट आली ती माडाएवढी, असं म्हणतात. तिच्यापाशी आली आणि उभी राहिली. अख्खा दर्या त्या चटईच्या काठाशी उभा राहिला, आणि मग वाकून मागे गेला. त्या गडगडाटाने मात्र सगळा तळ उठला. बघतात तर पुळणभर पाण्याची रेघ थेट त्यांच्या चुलींपर्यंत, फक्त एका जागी ती रेघ वळसा घालून खाली गेलेली. तिथे आवडाय चिंब, आणि तिच्या मागे पोर कोरडी.

तुळसा हंबरडा फोडून धावली. ‘चेडू उकाड्यान रडत होता,’ ती म्हणाली, ‘म्हणान थंडाव्यार ठेयलंय.’

आवडायने सुनेला पोटाशी धरलं आणि एवढ्या वर्षांचं रडू त्या वेळी रडली. शेवंतूचं अंथरूण आपण कुठे घातलं होतं, ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

लखू तांडेल मान खाली घालून ऐकत होता. मग तो खाली गेला, ती ओली चटई त्याने झटकली, आणि दर्याकडे पाय करून तिच्यावर बसला.

‘आवडाये,’ तो म्हणाला, ‘नीज गो. आज माझी पाळी.’

ती वर उंडीच्या झाडाखाली नातीला कुशीत घेऊन आडवी झाली. झोपली ती उन्हं वर आली तरी उठेना. पालखीची वेळ टळली, तरी कुणी तिला हाक मारली नाही. कोंबड्यांच्या चोचीसुद्धा दाबून धरल्या होत्या, असं म्हणतात. कुणी सांगतात ती उठलीच नाही. तुळसा मात्र म्हातारपणापर्यंत सांगायची, की आई तिसऱ्या दिवशी उठली, आणि पहिलं विचारलं ते ‘चेडू खंय?’

आता किनाऱ्याला रस्ता झालाय. सातमाडांच्या पुळणीवर शहरातली पोरं तंबू घेऊन येतात, गाणी लावतात. तेरवंडीचं कुणी ना कुणी संध्याकाळी तिकडे जातंच. मर्यादवेल दाखवतं, वाळूत कोपरापर्यंत हात घालायला लावतं, तंबू वर सरकवायला लावतं. पोरं कुरकुरतात, पण सरकतात. मग हा गाववाला सगळ्या तंबूंच्या खाली एक चटई पसरतो आणि दर्याकडे पाय करून बसतो. भरती ओसरेपर्यंत तो तिथून उठत नाही. बसण्याआधी मागे वळून, उंडीच्या झाडाकडे बघून, एवढंच म्हणतो:

‘नीज गो आवडाये. आज माझी पाळी.’