पंख्याचा आवाज

झाडे घरातल्या खोक्यांत वाढू लागली, त्या काळातली ही गोष्ट. एका बंद खोक्यात मिरचीचे रोप, दिवा आणि छताशी पंखा राहत असत. "गरम हवा बाहेर फेकायला मी एकटा समर्थ आहे," असे पंख्याने सांगितल्यावर रोप लावणाऱ्या हेमांगीने हवा आत येण्याचे तळाचे भोक चिकटपट्टीने बुजवले होते.

दुपारी रोपाची पाने लोंबली. पंखा जिवाच्या आकांताने फिरला, तरी उकाडा हटेना.

"पंखेराव, नुसता आवाजच येतोय," दिवा म्हणाला.

"तू आधी तापायचं थांब!"

"दादा, आत हवा येतच नाही, तर तुम्ही बाहेर काय फेकणार?" पट्टीआडून भोक म्हणाले.

"तू गप्प बस. नुसती पोकळी तू!"

एवढ्यात रोपाचा शेंडा मातीला टेकला. भोकाचे म्हणणे खरे होते, आणि आपला आवाज ऐकूनच हेमांगी निश्चिंत आहे, हे पंख्याला कळून चुकले. थांबलेला पंखा भंगारात जातो, हेही त्याला ठाऊक होते. तो थांबला.

आवाज बंद होताच हेमांगी धावत आली. आत डोकावण्यासाठी तिने पट्टी सोलून काढली, तशी गार हवा आत शिरली. तिने पंख्याला बोटाने ढकलले आणि तो अलगद फिरू लागला.

संध्याकाळी रोपाने मान वर केली.

"पंखेराव, आज आवाज नाही?" दिव्याने चिडवले.

पंखा गरम हवा बाहेर फेकत राहिला. त्याला आता काम होते.